गिरणगावाची तल्लफ

१९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई शहरातल्या चाळींमधून काही माणसं हातात छोटासा संगणक घेऊन दारोदार फिरत होती. त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे बँकेत किंवा मोठ्या ऑफिसात वातानुकूलित खोलीत ठेवायची वस्तू. ही माणसं तो तळहातावर धरून जिने चढत होती, ग्यालरीत उभं राहून दार वाजवत होती आणि विचारत होती : तंबाखू खाता का? मशेरी लावता का? विडी ओढता का? किती वर्षांपासून?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्रकाश गुप्ता यांनी आखलेली ही पाहणी होती. माणसं निवडायला मतदारयाद्या वापरल्या होत्या. पस्तीस वर्षं आणि त्यावरच्या ९९,५९८ स्त्री-पुरुषांशी बोलून जमवलेली माहिती १९९६ साली प्रसिद्ध झाली. पुरुषांपैकी ६९.३ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. हे वाचून फार कुणाला धक्का बसला नसेल. पण बायकांचा आकडा होता ५७.५ टक्के, आणि त्यातली जवळपास प्रत्येक बाई धूर न काढता तंबाखू घेणारी होती : मशेरी किंवा पानातून. या पाहणीतून सुखवस्तू इमारती वगळल्या होत्या, कारण तिथल्या राखणदारांना ओलांडून आत जाणं अवघड होतं. त्यामुळे हा आकडा साऱ्या मुंबईचा नाही. तो ज्यांच्या दाराला राखणदार नसतो त्यांच्या मुंबईचा आहे. परळ, लालबाग, शिवडी, गिरगाव, डिलाईल रोड इथे वाढलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

गिरणगावाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. संप, युनियन, शाहिरी, खाणावळी, गणपती, नाटकं, आणि शेवटी मॉल. त्या इतिहासातल्या प्रत्येक प्रसंगात कुणाच्या तरी तळहातावर तंबाखू मळली जात असते आणि कुणाच्या तरी बोटाला मशेरी असते, पण तिच्याकडे लक्ष जातं ते कर्करोगाच्या संदर्भात. तोंडात काय झालं हे आपण जाणतो. डोक्यात काय झालं, आणि ती डोकी म्हातारी झाल्यावर काय झालं, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. मला तो विचारावासा वाटतो, कारण माझ्या घरातली एक म्हातारी त्या ५७.५ टक्क्यांतली होती.

विजापूरहून मुंबईला

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. अकबराच्या दरबारातला असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहासाठी जे नजराणे नेले त्यात तंबाखू आणि ती ओढायची नळी होती. आग्र्याला हा प्रकार नवा होता. विजापूरला मात्र तो तेव्हाच सवयीचा झाला होता. म्हणजे या बाबतीत दख्खन दिल्लीच्या पुढे होतं. पुढच्या अडीच-तीनशे वर्षांत तंबाखू चंचीत गेली, पानात गेली, तपकिरीच्या डबीत गेली. आणि सातारा, कोल्हापूर, पुणे, रत्नागिरीच्या खेड्यांत ती तव्यावरही गेली.

मशेरी कशी करतात हे नव्या पिढीला सांगायला हवं. तंबाखूचा पाला तव्यावर भाजायचा, अगदी काळा होईपर्यंत. मग तो चुरडून त्याची पूड करायची आणि डब्यात भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर तर्जनीवर घेऊन ती दातांना, हिरड्यांना घासायची. चाळीत कुणाकडे मशेरी भाजायला घेतली की सगळ्या मजल्याला ठसका लागायचा. लहान मुलं शिंकत ग्यालरीच्या टोकाला पळायची, आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं, 'अगं दार तरी लाव!' दार लावून काही उपयोग नसायचा.

गिरणीत पुरुषांना तंबाखूच का, विडी का नाही, याचं उत्तर साधं आहे. कापसाच्या गिरणीत ठिणगी म्हणजे आग. विडी ओढायची तर खात्याबाहेर जावं लागे, आणि साचे चालू असताना बाहेर जाणं जॉबरला खपत नसे. तंबाखूला काडी लागत नाही. एकदा बार भरला की दोन्ही हात मोकळे. रुईचं तूस नाकातोंडात जात असतं, घसा कोरडा पडतो, तंबाखूने तोंडाला पाणी सुटतं. पाळीच्या मध्यात भूक लागली तर तीही मरते. आणि तिसऱ्या पाळीत पहाटे तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात तेव्हा मशीनवर पडू नये म्हणून माणसाला जे लागतं, ते तंबाखू देते. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवायला हवा. एकसुरी कामावरचं लक्ष टिकवणं हा निकोटिनचा खरोखरचा गुण आहे. कामगार स्वतःला फसवत नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई होती, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत. पुढे बायकांची संख्या घटत गेली, पण सवय घराघरांत राहिली. गावाहून आलेल्या सासूने भाजलेली मशेरी सून लावू लागे, तिची लेक लावू लागे. बाईने विडी ओढली तर चारचौघांत चर्चा होई. मशेरीला कुणी हरकत घेत नसे, कारण ती दात घासणं या नावाखाली चालत होती. व्यसनाला इतकं निर्मळ नाव दुसरं कुठलंही मिळालेलं नाही.

कोंबडीचा स्नायू आणि मण्यारीचं विष

तंबाखूतला मुख्य पदार्थ १८२८ साली जर्मनीत हायडेलबर्ग इथे पोसेल्ट आणि रायमान यांनी वेगळा काढला. ज्याँ निको या फ्रेंच वकिलाच्या नावावरून त्याचं नाव पडलं निकोटिन. हे निकोटिन शरीरात नेमकं कुठे लागतं, हा प्रश्न त्यानंतर पाऊणशे वर्षं तसाच होता.

केंब्रिजमधला जॉन न्यूपोर्ट लँग्ली या प्रश्नाच्या मागे लागला होता. १८८९ साली त्याने आणि डिकिन्सनने मज्जातंतूंच्या गाठींवर ब्रशने निकोटिन लावून पाहिलं, तेव्हा त्या गाठीतून जाणारे संदेश थांबले. मग त्याने कोंबडीच्या स्नायूवर प्रयोग केले. निकोटिन लावलं की स्नायू आखडे. स्नायूकडे येणारा मज्जातंतू आधीच तोडून टाकून तो निकामी झाला असला तरी आखडे. वर क्युरारे हे विष लावलं की सैल पडे. याचा अर्थ निकोटिन आणि क्युरारे दोन्ही स्नायूच्या पेशीतल्याच कशावर तरी जाऊन बसत असले पाहिजेत, एकच जागा दोघांना हवी असली पाहिजे. १९०५ साली लँग्लीने त्या 'कशाला तरी' ग्रहण करणारा पदार्थ असं नाव दिलं. आजच्या सगळ्या औषधशास्त्राचा पाया असलेली रिसेप्टरची कल्पना तिथून आली. ती आली तंबाखूमुळे.

त्याच सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येत होते आणि सूर्यास्ताला काम थांबवण्याचं कारण उरलं नव्हतं. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला जात होता. प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्याने आली ती १९११ साली. केंब्रिजमध्ये निकोटिन कुठे जाऊन बसतं याचा शोध चालू होता तेव्हा परळमध्ये ते लाखभर डोक्यांत जाऊन बसतच होतं.

रिसेप्टरची कल्पना आली, पण तो हातात सापडायला आणखी पासष्ट वर्षं लागली. त्या कामी आला एक साप. तैवानमध्ये चँग आणि ली या दोघांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून १९६३ साली एक प्रथिन वेगळं केलं. मण्यार चावली की माणसाचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. कारण हे प्रथिन स्नायूवरच्या नेमक्या त्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या ज्याँ-पिएर शाँज्यो यांच्या प्रयोगशाळेने त्याचाच गळ केला. विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशाच्या अवयवांत हे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात. त्यातून १९७० साली निकोटिनचा रिसेप्टर बाहेर काढता आला. न्यूरोट्रान्समीटरचा रिसेप्टर म्हणून वेगळा करता आलेला हा पहिलाच.

परळकराला ही गोष्ट परकी वाटू नये. वाल्डेमार हाफकिन पाश्चर इन्स्टिट्यूटमधूनच हिंदुस्थानात आला होता. त्याची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली आणि १९२५ साली तिला त्याचं नाव मिळालं. त्याच हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर उतारा तयार होत असे. आपल्याकडच्या मण्यारीचं विषही स्नायूंवरच्या याच रिसेप्टरवर घाला घालतं. म्हणजे गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात एका दगडी इमारतीत निकोटिनच्या रिसेप्टरवर बसणारं विष बाटलीत होतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या खिशात त्याच रिसेप्टरच्या मेंदूतल्या भावंडांना जागं करणारी डबी होती.

सकाळची पहिली मशेरी

या रिसेप्टरचं मूळ काम निकोटिनसाठी नाही. आपलं शरीर अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा पदार्थ स्वतः तयार करतं. लक्ष देणं, आठवण ठेवणं, जागं राहणं यांत तो सतत कामाला असतो. तो रिसेप्टरला क्षणभर भेटतो आणि लगेच मोडून टाकला जातो. निकोटिनची ठेवण त्याच्याशी जुळते म्हणून तेही तिथे बसतं. पण ते मोडायला मेंदूकडे तशी चटकन सोय नाही. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. तेवढा वेळ ते तिथे घुटमळत राहतं. सतत डिवचल्यावर रिसेप्टर बधिर होतो. तो तिथेच असतो, पण हाकेला ओ देत नाही.

मग मेंदू काय करतो? इतके रिसेप्टर गप्प बसलेत म्हटल्यावर तो आणखी बसवतो. १९८३ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी, एकीने उंदरांत आणि दुसरीने घुशीएवढ्या प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, हे दाखवलं. ही उलटी गोष्ट होती. एरवी एखाद्या औषधाचा मारा चालू राहिला की त्याचे रिसेप्टर कमी होतात. निकोटिनचे वाढत होते. १९८८ साली ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूंतही तेच दिसलं. पुढे जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रं काढता येऊ लागली. २००६ साली लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी दाखवलं की सिगारेटच्या एकदोन झुरक्यांतच मेंदूतल्या मुख्य प्रकारच्या निकोटिन रिसेप्टरपैकी निम्मे व्यापले जातात आणि एका पूर्ण सिगारेटने ८८ टक्के.

हे बहुतेक प्रयोग सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहेत. धुरातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, तोंडातल्या तंबाखूतून ते हळूहळू, अर्ध्या तासापर्यंत चढत जातं. पण पदार्थ तोच, आणि दिवसाकाठी शरीरात जाणारी मात्राही फार वेगळी नसते. मळताना घालतात तो चुना चवीपुरता नसतो. चुन्यामुळे तोंडातला ओलावा अल्कधर्मी होतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सहज आत शिरतं. हे रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. अंगठ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

आता रात्रीचा विचार करा. सात-आठ तास झोप झाली, निकोटिन उतरलं, बधिर झालेले रिसेप्टर जागे झाले. आणि ते आता संख्येने जास्त आहेत. त्या सगळ्यांना एकदम काहीतरी हवं असतं. याला मराठीत तल्लफ म्हणतात. निकोटिनवर माणूस किती अवलंबून आहे हे मोजायला जगभर जी फागरस्ट्रॉमची प्रश्नावली वापरतात, तिच्यातला सगळ्यांत बोलका प्रश्न हाच आहे : उठल्यापासून किती वेळात पहिली सिगारेट पेटवता? पाच मिनिटांत असेल तर पूर्ण गुण.

मशेरी लावणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारून पाहा. ती उठल्या उठल्या, चहाच्या आधी, चुलीच्या आधी मशेरीचा डबा उघडते. दात घासण्याची वेळच ती असल्यामुळे तिच्या दिवसाची घडी आणि रिसेप्टरची घडी एकमेकींवर चपखल बसलेली असतात. तिची तल्लफ तिला तल्लफ म्हणून कधी जाणवतच नाही. ती म्हणते, मशेरी लावल्याशिवाय तोंड साफ झाल्यासारखं वाटत नाही, पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही. आपण हसतो. पण त्यातली शेवटची तक्रार शब्दशः खरी आहे.

'वात झालाय'

माझी आत्या साताऱ्याकडच्या गावाहून लग्न होऊन लालबागला आली आणि एका गिरणीच्या वायंडिंग खात्यात लागली. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ती घरी बसली, ती कायमचीच. गिरणी गेली, नंतर नवरा गेला, नंतर चाळही गेली आणि तिथे टॉवर उभा राहिला. एवढ्या सगळ्यातून तिच्याबरोबर काय टिकलं असेल तर मशेरीचा डबा. टॉवरच्या अकराव्या मजल्यावर मशेरी भाजायला सोसायटीची मनाई झाली, तेव्हा ती गावाहून तयार पूड मागवू लागली.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाथरूममध्ये पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. डबा अर्थातच घरी राहिला. दुसऱ्या रात्रीपासून ती चादर चिवडू लागली, सलाईनची नळी ओढू लागली. मला ओळखेना. भोंगा झाला, मला सोड, खाडा पडेल, असं म्हणायला लागली. छत्तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा. 'वात झालाय,' वॉर्डातल्या शेजारच्या बाई म्हणाल्या. 'वयामुळे होतं असं,' नर्स म्हणाली. दोघी आपापल्या परीने बरोबर होत्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, आणि त्याला वेदनाशामकं, जंतुसंसर्ग, झोपमोड, पाणी कमी पडणं अशी अनेक कारणं असतात. पण तिसऱ्या दिवशी आलेल्या एका तरुण डॉक्टरणीने तिची बोटं पाहिली, तर्जनीचा काळपट डाग पाहिला, आणि विचारलं, 'आजी मशेरी लावायच्या? किती वेळा?' तोवर हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. ॲडमिशनच्या कागदावर धूम्रपान या रकान्यापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. ते खरंच होतं. तिने आयुष्यात विडी ओढली नव्हती.

तिच्या दंडावर निकोटिनची पट्टी लावली. दोन दिवसांत ती आम्हाला ओळखू लागली. एकट्या पट्टीने झालं असं मी म्हणणार नाही. औषधंही बदलली होती, तापही उतरला होता. पण साठ वर्षं रोज पहाटे ज्या रिसेप्टरांना रतीब मिळत होता, त्यांचा रतीब अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मोडलेल्या हाडासकट, एका रात्रीत बंद झाला होता, हे कुणाच्या तरी लक्षात येणं गरजेचं होतं.

म्हातारपणी हा मामला अधिक नाजूक का होतो? निकोटिनचे रिसेप्टर वयाबरोबर कमी होत जातात. तंबाखूला कधी न शिवलेल्या माणसांच्या मेंदूंची चित्रं पाहिली तर दर दहा वर्षांना साधारण पाच टक्क्यांपर्यंत घट दिसते. अल्झायमरमध्ये ही घट कितीतरी जास्त असते, आणि अ‍ॅसिटिलकोलिन तयार करणाऱ्या पेशीही मरत जातात. आज स्मृतिभ्रंशावर सर्रास दिली जाणारी डोनेपेझिलसारखी औषधं करतात ते एवढंच : उरलेलं अ‍ॅसिटिलकोलिन मोडू न देता थोडा अधिक काळ टिकवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं आहे की कोवळ्या वयात निकोटिन मिळालं तर रिसेप्टरांची वाढ जोमाने होते, आणि म्हाताऱ्या मेंदूला तशी वाढ करणं तितकं जमत नाही. म्हणजे तरुणपणी मेंदू नवे रिसेप्टर बसवून निकोटिनशी जुळवून घेतो, उतारवयात त्याच्याकडची ही लवचीकता कमी होते. वेळ निभावून न्यायला हाताशी गंगाजळी उरत नाही.

'डोकं चालत नाही'चा खरेखोटेपणा

इथे एक मोह होतो. वयाबरोबर रिसेप्टर कमी होतात, तंबाखू ते वाढवते, तर मग तंबाखूने म्हाताऱ्यांचं डोकं शाबूत राहत असेल की! हा मोह शास्त्रज्ञांनाही झाला होता. १९९० च्या आसपास काही अभ्यासांत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये अल्झायमर कमी आढळला आणि तंबाखू कंपन्यांना आनंद झाला. मग हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात पंचावन्न वर्षांपुढच्या हजारो माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. १९९८ साली आलेला निष्कर्ष उलटा होता : धूम्रपान करणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट. आधीच्या अभ्यासांत चूक अशी होती की ऐंशीव्या वर्षी मोजायला गेलं तर धूम्रपान करणारे अनेक जण तिथे नसतातच. ते आधीच गेलेले असतात.

हे मुंबईतही मोजलं गेलं आहे. त्याच मतदारयादीतल्या माणसांपैकी ५२,५६८ जणांकडे पाहणी करणारे पाच-सहा वर्षांनी पुन्हा गेले. कोण जिवंत आहे, कोण गेलं, याची नोंद केली. विडी ओढणाऱ्या पुरुषांचं मरणाचं प्रमाण तंबाखू न घेणाऱ्यांच्या १.७८ पट होतं, सिगारेटवाल्यांचं १.३९ पट. आणि धूर न काढणाऱ्या, फक्त मशेरी-पान घेणाऱ्या बायकांचं १.३५ पट. 'आमची आजी नव्वद वर्षं मशेरी लावून ठणठणीत होती,' असं सांगणारा नातू भेटतो. ज्यांच्या आज्या साठीतच गेल्या त्यांना ही गोष्ट सांगायचं कारण पडत नाही.

निकोटिन स्वतः औषध म्हणून काही करू शकेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो अजून संपलेला नाही. २०१२ साली अमेरिकेत, विसरभोळेपणाची सुरुवात झालेल्या पण धूम्रपान न करणाऱ्या ७४ वृद्धांवर सहा महिने निकोटिनच्या पट्टीचा प्रयोग झाला. लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. रोजच्या जगण्यात फरक पडला असं मात्र डॉक्टरांना सिद्ध करता आलं नाही. पट्टीत निकोटिन असतं, राख नसते, नायट्रोसामाईन नसतात. मशेरीत ते सगळं असतं. डोक्याला थोडा वेळ चालवायला आत्या जी किंमत मोजत होती ती हिरड्यांतून, रक्तवाहिन्यांतून आणि हाडांतून वसूल होत होती.

ही किंमत लेकरांच्या वाट्यालाही आली. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या १७ टक्के धूरविरहित तंबाखू घेत होत्या, बहुतेक जणी मशेरी. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. निकोटिन वार ओलांडून जातं. त्या बाळाच्या मेंदूत रिसेप्टरांची मांडणी चालू असतानाच ते तिथे हजर असतं.

दहा मिनिटांचं अंतर

लालबागहून परळला टाटा हॉस्पिटलपर्यंत चालत जाता येतं. गिरण्यांच्या मधोमध हे हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. वसंत रामजी खानोलकरांनी तिथे बसून आपल्या लोकांच्या तोंडाचा कर्करोग अभ्यासायला घेतला. संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू खाणं, ओढणं आणि घशातोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावरचा निबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ चा. म्हणजे गिरण्या जोरात चालू असताना, गिरण्यांच्या भिंतीला लागून, हे सगळं माहीत झालं होतं. तरीही ते ज्ञान रस्ता ओलांडून चाळीत पोचायला दोन पिढ्या लागल्या. आज दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राज्याबाहेरूनही आलेले रुग्ण आणि नातेवाईक राहतात. त्यांतल्या कुणाच्या तोंडाला पट्टी असते, आणि सोबत आलेला भाऊ कोपऱ्यात तोंड फिरवून तंबाखू मळत असतो. त्याला पाहून आपल्याला राग येतो. इतकं समोर दिसतंय, तरी?

या 'तरी'चं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनात आहे. तंबाखू सुटत नाही यात निर्धाराचा भाग असतो, पण तो निर्धार ज्या मेंदूने करायचा त्याचीच मोजदाद बदललेली असते. आपण त्याला व्यसनी म्हणतो आणि विषय संपवतो. गिरणगावात तर हा शब्द फारच सोयीचा ठरला. कामगार दारू आणि तंबाखूने बुडाले, असं म्हटलं की पंधरा तासांचे दिवस, तिसरी पाळी आणि रुईचं तूस यांचा हिशोब द्यावा लागत नाही. ज्या पदार्थाने कामगार मशीनपुढे जागा राहिला त्याचा नफा कापडात गेला. रिसेप्टर मात्र कामगाराच्या डोक्यात राहिले, गिरणी बंद झाल्यावरही.

महाराष्ट्रात तंबाखू कमी होते आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखू घेताना आढळले. सात वर्षांपूर्वी हा आकडा ३१.४ होता. यात नव्याने सवय न लागलेले तरुण असतील. ज्यांना लागून साठ वर्षं झाली त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करायला हवं. त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. रुग्णालयाच्या कागदावर 'धूम्रपान' या रकान्याशेजारी 'मशेरी, तंबाखू, तपकीर' असा एक रकाना लागतो. म्हातारी अ‍ॅडमिट झाली की डबा काढून घेताना त्या जागी पट्टी देण्याचा विचार लागतो. आणि 'या वयात आता काय सोडायचं' हे वाक्य बाजूला ठेवावं लागतं. कारण सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूंची चित्रं असं सांगतात की वाढलेले रिसेप्टर सहा ते बारा आठवड्यांत तंबाखू न घेणाऱ्यांच्या पातळीवर येतात. बदललेली मोजदाद परत फिरते.

आत्याने रुग्णालयातून आल्यावर पट्टी दोन महिने लावली. सकाळच्या मशेरीच्या वेळी तिला हातांना काय काम द्यावं हे कळत नसे. मग ती दात नसलेल्या हिरड्यांवरून नुसतं बोट फिरवायची आणि चूळ भरायची. तिसऱ्या महिन्यात तेही थांबलं. ती आणखी चार वर्षं जगली. भोंगा तिने पुन्हा ऐकला नाही.